एकशेदहाच्या फ्रेममध्ये एकशेवीसचं चाक

पुढचं चाक बसलं. मागचं बसेना.

पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या खाचा जरा अरुंद होत्या, त्या कानशीने घासल्या आणि काम झालं. मागे मात्र कानशीचा उपयोग नव्हता. नवीन चाकाचा हब, म्हणजे चाकाच्या मधला तो गोल भाग, फ्रेमच्या दोन पट्ट्यांच्या मधे शिरतच नव्हता. रोशनीने फ्रेम दोन्ही हातांनी धरली होती. मी मागून चाक सरकवून पाहिलं, मग तिरपं करून पाहिलं. करंगळीएवढी जागा कमी पडत होती.

"काकू, ये तो जा ही नहीं रहा," रोशनी म्हणाली.

"दिसतंय मला."

मी व्हर्नियर घेतला. फ्रेममधली जागा एकशेदहा मिलिमीटर. हब एकशेवीस. चौहान सर माझ्या खांद्यावरून आकडा वाचत होते. ते खाली स्टुलावर बसले आणि म्हणाले, "मेरी ही गलती. मैंने फ्रेम नापी ही नहीं. लगा, ट्रॅक का पहिया है तो ट्रॅक की फ्रेम में लगेगा."

त्यांची चूक म्हणावी अशी ती नव्हती. आता सगळीकडे एकशेवीसचाच हब मिळतो. पण ही फ्रेम सरांच्या तरुणपणातली. लुधियानाच्या एका कारागिराने हाताने जोडलेली. त्या काळी आपल्याकडे जो हब बाजारात मिळायचा तो साध्या काळ्या सायकलचा. कारागिराने त्याच मापाने मागची जागा ठेवली होती. सर त्या सायकलवर रेस खेळले, मग शाळेत पी.टी. शिक्षक झाले आणि फ्रेम घराच्या भिंतीवर गेली. रोशनीसाठी त्यांनी ती खाली उतरवली होती.

रोशनी निंबोल्याची. वडील प्रल्हादभाऊ, केळी आणि कापूस करतात. गावातून बुरहानपूरला कॉलेजात ती सायकलवर यायची आणि बसच्या आधी पोचायची. सरांनी तिला रस्त्यावर पाहिलं आणि तयार केलं. आता राज्याच्या टीमची निवड चाचणी तोंडावर आली होती. चाचणी ट्रॅकवर होणार होती आणि ट्रॅकवर साधी सायकल चालत नाही.

ट्रॅक म्हणजे कढईसारखा कडेला उंच होत गेलेला गोल रस्ता. तिथल्या सायकलला ब्रेक नसतो, गिअर नसतात आणि फ्रीव्हीलही नसतं. आपल्या सायकलवर पाय थांबवले तरी चाक फिरत राहतं, ते फ्रीव्हीलमुळे. ट्रॅकच्या सायकलमध्ये मागचं दातेरी चक्र हबवर पक्कं बसवलेलं असतं. चाक फिरतंय तोवर पायडल फिरणार. वेग कमी करायचा तर पायांनी उलटा जोर द्यायचा. म्हणून त्या सायकलमध्ये मागच्या चाकाला आणि चेनला फार महत्त्व. तिथे काही हललं तर थांबायला दुसरं साधन नाही.

मी स्वतः ट्रॅकवर कधी बसलेली नाही. मी चाकं बांधते. लग्नाआधी पुण्याजवळच्या एका सायकल कारखान्यात चाकांच्या लाइनवर होते. रिम, हब आणि तारा वेगवेगळ्या यायच्या. आम्ही मुली त्यांचं चाक करायचो आणि आउट काढायचो. आउट काढणं म्हणजे चाक डावी-उजवीकडे डोलत असेल तर तारा आवळून-सैल करून ते सरळ फिरतं करणं. सासर बुरहानपूरचं मिळालं आणि सासरी सिंधीपुऱ्यात सायकलचंच दुकान. पुढे आमचे हे सायकली विकतात, मागे मी काम करते. सुरुवातीला लोक मला हातात पाना घेतलेलं पाहून विचारायचे, "मिस्त्री कुठंय?" मी म्हणायचे, "बोला."

तर सरांनी आधी सोपा उपाय सांगितला. "भाभी, खींचकर बिठा दो. लोहा है, मान जाएगा."

फ्रेम लोखंडी होती, त्यामुळे ते खरंच होतं. हाताने ताणलं असतं तर पट्ट्या फाकल्या असत्या आणि चाक आत गेलं असतं. रस्त्यावरच्या सायकलींना लोक असंच करतात.

"मानेल सर. पण मनात ठेवेल," मी म्हटलं.

मी त्यांना पट्ट्यांकडे बोट करून दाखवलं. दोन्ही पट्ट्या आता एकमेकींना समांतर आहेत. ताणल्या की त्या बाहेरच्या बाजूला तिरप्या होणार. मग एक्सलचा नट पूर्ण टेकणार नाही, एका कडेवरच टेकेल. स्टार्टला रोशनी उभी राहून सगळं वजन पायडलवर टाकेल तेव्हा नट सरकणार. चाक वाकडं होऊन फ्रेमला घासणार. आणि हातात ब्रेक नाही.

"तो फिर?"

"फ्रेम कायमची उघडायची. दोन्ही बाजू पाच-पाच मिलिमीटर. आणि मग पट्ट्या परत समांतर करायच्या."

सरांनी फ्रेमच्या वरच्या नळीवर हात ठेवला. त्या नळीवरचा निळा रंग त्यांनीच कधीतरी दिलेला होता, ब्रशचे फटकारे दिसत होते.

"जलाना तो नहीं पड़ेगा?"

"नाही. गरम करायची नाही. थंडच वाकवायची."

"टूट गई तो?"

"तर रोशनी जाणार नाही, आणि तुमची फ्रेमही गेली. म्हणून विचारते."

रोशनीने फ्रेम सोडून हात मागे घेतले. "सर, रहने दो ना. मी पुढच्या साली देईन ट्रायल."

"अगले साल तू इस एज ग्रुप में नहीं रहेगी," सर म्हणाले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "करो भाभी. बस मुझसे देखा नहीं जाएगा." आणि ते खरंच उठून समोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसले. तिथून दुकानाकडे पाठ करून.

मी घाई केली नाही. आधी नळ्यांच्या सांध्यांवरचा रंग खरवडला. या फ्रेमचे सांधे पितळेच्या झाळणीने जोडलेले होते. अशा सांध्यात बारीक तडा असेल तर वाकवताना तिथेच उघडतो. उजवीकडच्या खालच्या नळीला सांध्याजवळ एक केसासारखी रेघ दिसली. तिथला उरलेला रंगही काढला, पॉलिश पेपर मारला, रॉकेलचा बोळा फिरवून पुसलं. तडा असता तर त्यातून रॉकेल परत झिरपून ओली रेघ उमटली असती. उमटली नाही. रेघ रंगाचीच होती.

मग नळ्यांच्या मधला जो छोटा आडवा तुकडा असतो, त्याच्या दोन्ही बाजूंना लाकडाचे ठोकळे बांधले. ताण आला तर तो नळीवर यावा, त्या सांध्यावर येऊ नये. दोन पट्ट्यांच्या मधे आटे असलेला लांब बोल्ट घातला आणि त्याचे नट आतून बाहेरच्या बाजूला फिरवायला लागले. नट फिरेल तशा पट्ट्या दूर जातात.

लोखंडाला स्वतःची सवय असते. एकशेवीसपर्यंत उघडलं आणि बोल्ट काढला की ते परत एकशेदहावर येतं. कायमचं वाकायला त्याला बरंच पुढे न्यावं लागतं आणि किती पुढे, ते कुठे लिहिलेलं नसतं. थोडं फिरवायचं, सोडायचं, मोजायचं. परत थोडं जास्त. रोशनी व्हर्नियर धरून आकडा सांगत होती. बराच वेळ ती "एकशेदहा"च म्हणत होती. मग "एकशेअकरा" आला. ती हसली, मी नाही हसले. लोखंड एकदा ऐकायला लागलं की पुढे पटकन ऐकतं आणि तिथेच माणसाचा हात जास्त जातो.

एकशेवीस आलं तेव्हा नवीनच अडचण दिसली. मी एक दोरा मागच्या डाव्या पट्टीपासून पुढे हँडलच्या नळीला वळसा घालून उजव्या पट्टीपर्यंत ताणला. मधल्या उभ्या नळीपासून दोन्ही बाजूंचा दोरा सारख्या अंतरावर हवा. नव्हता. डावी बाजू जास्त उघडली होती, उजवी कमी. जागा बरोबर होती, पण चाक मधोमध आलं नसतं.

इथे बोल्टचा उपयोग नव्हता. एकेक बाजू वेगळी वाकवायची होती. पुढची नळी कापडात गुंडाळून बाकाला बांधली, मागच्या नळीत लाकडी दांडा अडकवला आणि डावी बाजू आत दाबली, उजवी बाहेर ओढली. आमच्या यांना बोलावलं, ते फ्रेमवर बसले. त्यांचं वजन तेवढं कामाला आलं. दोन्ही दोरे सारखे आले तेव्हा दुपार झाली होती आणि माझी पाठ भरून आली होती.

राहिल्या पट्ट्या समांतर करायच्या. त्यासाठी जे अवजार लागतं ते बुरहानपूरमध्ये कोणाकडे नव्हतं. ते कसं दिसतं ते मला कारखान्यातलं आठवत होतं. आमच्या गल्लीच्या मागे रफीकभाईंचं लेथ आहे. ते पॉवरलूमचे सुटे भाग करून देतात. मी त्यांच्याकडे गेले आणि खडूने फरशीवर चित्र काढलं. दोन जाड दांडे, एकेका पट्टीत एकेक घट्ट बसणारा, आणि दोघांची तोंडं मधे समोरासमोर येणारी. तोंडं एकमेकांवर अचूक आली तर पट्ट्या समांतर. नाही आली तर तोच दांडा धरून पट्टी वाकवायची.

रफीकभाई चित्राभोवती फिरले. "ये तो सीधा काम है बाजी. पर मुँह एकदम चौकोर चाहिए, नहीं तो औजार ही झूठ बोलेगा."

"म्हणूनच तुमच्याकडे आले."

त्यांनी लूमचं काम बाजूला ठेवून ते दांडे करून दिले. कामात खोट नव्हती. दुकानात आणून लावले तर दोन्ही तोंडं सुपारीएवढी चुकत होती. हळूहळू ती एकमेकांवर आणली. मग नवीन चाक हातात घेतलं आणि मागून सरकवलं. ते कुठे अडलं नाही. दोन्ही नट हाताने फिरले आणि सपाट टेकले.

रोशनी पळत टपरीवर गेली. सर आले. त्यांनी फ्रेम आधी कानाजवळ नेऊन बोटाने वाजवली, मग सांध्यांवर अंगठा फिरवला. नंतर चाक फिरवलं आणि ते थांबेपर्यंत बघत उभे राहिले. बोलले फक्त, "चाय मंगवाऊँ?"

चहा येईपर्यंत प्रल्हादभाऊ आले. सकाळी मंडीत केळी उतरवली होती, आता मुलीला घ्यायला आले होते. टेम्पो बाहेर लावून ते आत शिरले, सायकलभोवती एक चक्कर मारली आणि हँडलपाशी थांबले.

"वहिनी, ब्रेक लावायचा राहिला वाटते."

"याला ब्रेक नसतो भाऊ."

"नसतो म्हणजे?"

मी सांगितलं. ट्रॅकवर सगळ्या एकमेकींच्या मागे चिकटून चालवतात. एकीने अचानक ब्रेक दाबला तर मागच्या सगळ्या तिच्यावर येतील. म्हणून कोणालाच ब्रेक नाही. पायांनी थांबवायचं.

"पप्पा, सगळ्यांच्या अशाच असतात," रोशनी म्हणाली.

प्रल्हादभाऊंनी तिच्याकडे पाहिलं नाही. ते माझ्याशी बोलत होते. "सगळ्यांच्या असू दे. मले एक सांगा. तुमची पोरगी असती तर बसवली असती का यावर?"

मला मुलगा आहे, मुलगी नाही. पण ते उत्तर झालं नसतं.

"आज नसती बसवली," मी म्हटलं. "एक काम बाकी आहे. ते झाल्यावर बसवली असती."

सरांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. मी प्रल्हादभाऊंना सायकलच्या मागे उकिडवं बसायला सांगितलं आणि चेनकडे बघायला सांगितलं. पुढचं मोठं चेनव्हील आणि मागचं छोटं चक्र एका रेषेत हवं. हब रुंद झाला तसं मागचं चक्र बाहेर सरकलं होतं. पुढचं होतं तिथेच. चेन किंचित तिरपी जात होती. साध्या सायकलला एवढं चालून जातं. पण इथे चेन उतरली तर ती चक्रात अडकते आणि मागचं चाक जागच्या जागी थांबतं. पूर्ण वेगात.

प्रल्हादभाऊंनी एक डोळा मिटून पाहिलं. त्यांना हे समजावून सांगावं लागलं नाही. शेतात इंजिनावर पट्टा चालवलेला माणूस. पट्टा तिरपा लागला की काय होतं ते त्यांनी पाहिलेलं होतं.

"तिरपी आहे," ते म्हणाले.

"आहे. चेनव्हीलच्या मागे वॉशर टाकून ते बाहेर घ्यावं लागेल. सगळे वॉशर एका जाडीचे हवेत."

"मग घ्या. हे सरळ झाल्याशिवाय पोरगी बसणार नाही. मी इथंच बसून राहतो."

ते खरंच बसून राहिले. टेम्पो बाहेर, मागून येणारी रिक्षा हॉर्न देतेय, आणि हे माझ्या मागच्या खोलीत टायरच्या ढिगावर. सर त्यांच्या शेजारी जाऊन बसले. दोघांची याआधी फारशी ओळख नव्हती. थोड्या वेळाने मला मागून ऐकू आलं, सर त्यांना सांगत होते की एकदा ट्रॅकवर पडल्यावर त्यांच्या कोपराची साल कशी निघाली होती. मी वळून सरांकडे पाहिलं. हे सांगायची ही वेळ नव्हती. पण प्रल्हादभाऊ शांतपणे म्हणाले, "आणि मग परत बसले का?"

"दूसरे दिन."

"हं."

रफीकभाईंनी वॉशर पाठवले. मी प्रत्येक वॉशर व्हर्नियरने मोजला, एकही मागेपुढे नव्हता. लांब बोल्ट लावून चेनव्हील बाहेर घेतलं. चेन चढवली. चाक मागे ओढून चेनचा ताण केला. या सायकलमध्ये खाच मागच्या बाजूला उघडी असते, त्यामुळे चाक जितकं मागे ओढाल तितकी चेन ताठ. फार ताठ केली तर पायडल जड, सैल ठेवली तर उतरायची भीती. मधे बोटाने दाबल्यावर जरा हलावी एवढी ठेवली. मागच्या चक्रावर उलट्या आट्यांची रिंग आवळली. पायांनी उलटा जोर दिला की चक्र सुटायला बघतं, ती रिंग त्याला सुटू देत नाही.

प्रल्हादभाऊ न बोलावता मागे येऊन बसले. या वेळी त्यांनी खिशातून सुतळी काढली, एक टोक मला धरायला दिलं, चेनच्या बाजूने ताणली. बराच वेळ बघितलं. मग सुतळी गुंडाळून खिशात ठेवली.

"कुठं चालवणार?" त्यांनी विचारलं. एवढीच परवानगी.

ब्रेक नसलेली सायकल रस्त्यावर घालायची नाही यावर आमचं तिघांचं एकमत होतं. प्रल्हादभाऊ म्हणाले, मंडीचं सिमेंटचं पटांगण आता रिकामं असेल, केळीचा लिलाव सकाळीच होतो. आम्ही सायकल टेम्पोत घातली आणि गेलो. खाली केळीच्या पानांचा चिखल झालेला होता. प्रल्हादभाऊंनी हमालांकडून खराटा मागून आणला आणि स्वतः कडेने पट्टा झाडायला लागले. सर दुसऱ्या बाजूने पायाने पानं सारत होते.

रोशनी बसली. पहिली फेरी हळू. नवीन चाकाच्या तारा पहिल्यांदा वजन आलं की टिंग-टिंग वाजतात. पिळलेल्या तारा मोकळ्या होत असतात, ते चांगलंच. पण प्रल्हादभाऊंनी माझा दंड धरला.

"काय वाजलं?"

"तारा बसताहेत. वाजू द्या."

दोन फेऱ्यांनंतर मी तिला थांबवलं. चाकात बारीक आउट आला होता, तो काढला. नट परत आवळले. परत पाठवलं. मग आवाज बंद झाला आणि ती जोरात निघाली. वळणावर आतल्या बाजूला झुकली. टायरचा फक्त सर्र असा आवाज येत होता. सर घड्याळ काढायचं विसरले. मी मात्र घड्याळाकडेही बघत नव्हते आणि रोशनीकडेही. मागच्या चाकाकडे बघत होते. फ्रेमच्या दोन नळ्यांच्या बरोबर मधे होतं. त्या क्षणी मला जे वाटलं ते मी कोणाला बोलून दाखवलं नाही, पण इथे लिहायला हरकत नाही. मला वाटलं, हे मी केलंय.

चाचणीला मी जाणार नव्हते. दुकान कोण बघणार? सर म्हणाले, "भाभी, टीम में मेकॅनिक होता है. हमारी टीम में एक राइडर है और एक मेकॅनिक. आप नहीं आओगी तो टीम आधी." आमचे हे म्हणाले, "जा. पंक्चर मी काढतो." त्यांनी कित्येक वर्षांत पंक्चर काढलं नव्हतं, पण म्हणाले.

प्रल्हादभाऊही निघाले आणि आम्ही चौघं बाहेरगावी, सिमेंटच्या ट्रॅकवर पोचलो. तिथे गळ्यात घालायला कार्ड देतात. माझ्या कार्डावर माझं नाव होतं आणि खाली "मेकॅनिक". इतकी वर्षं मी हेच काम करते, पण ते कुठे छापलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. मी ते कार्ड पदराच्या वर ठेवलं, दिसेल असं.

रेसच्या आधी प्रत्येक सायकल तपासतात. तपासणाऱ्या साहेबांनी आमची फ्रेम उचलली, मागे वळवली, खरवडलेल्या सांध्यांवर बोट ठेवलं.

"ये फ्रेम खोली गई है?"

"हो. थंड. एकशेदहाची एकशेवीस केली."

"अलाइनमेंट?"

"दोरा लावून बघा."

त्यांनी खरंच दोरा लावला. मग आपलं मापाचं अवजार आणलं. मी हात मागे बांधून उभी होते. त्यांनी सायकलला स्टिकर चिकटवलं आणि पुढच्या सायकलकडे गेले. स्टिकर म्हणजे पास.

सरावाच्या वेळी दुसऱ्या एका मुलीची चेन उतरली. चाक जाम झालं, सायकल आडवी झाली आणि ती उतारावरून घसरत खाली आली. फार लागलं नाही, हाताला खरचटलं. प्रल्हादभाऊ माझ्या शेजारी कठड्याला धरून उभे होते. त्यांनी ते सगळं पाहिलं. ती मुलगी उठून बसेपर्यंत त्यांनी कठडा सोडला नाही. मग म्हणाले, "वहिनी, एकदा परत बघून घेता का?"

मी आत जाऊन चेनचा ताण, रिंग आणि नट परत तपासले. गरज नव्हती. पण त्यांना ती होती आणि खरं सांगायचं तर मलाही.

पहिली रेस टाइम ट्रायल. एकटीने निघायचं, वेळ मोजतात. उभ्यानेच सुरुवात. एक माणूस सायकल धरतो, शिट्टी झाली की सोडतो. याच क्षणाची मला धास्ती होती, कारण याच क्षणाला चाक सरकतं. शिट्टी झाली. रोशनी पायडलवर उभी राहिली, सगळं अंग टाकलं. फ्रेम डावी-उजवीकडे हलली. चाक जागचं हललं नाही.

ती चौथी आली. पहिल्या तिघी मोठ्या शहरांतल्या होत्या, वर्षभर ट्रॅकवर सराव करणाऱ्या. रोशनी ट्रॅकवर आल्याला जेमतेम दोन सकाळी झाल्या होत्या. ती तोंड पाडून आली. सर म्हणाले, "पानी पी. अभी एक और है."

दुसरी रेस सगळ्यांची एकत्र. निंबोल्याच्या रस्त्यावर ट्रॅक्टर आणि बसच्या मधून चालवलेल्या मुलीला गर्दीची भीती नव्हती. शेवटच्या फेरीला ती वरच्या बाजूने आली, उतार घेतला आणि दुसरी पोचली. प्रल्हादभाऊ कठड्यावर हात आपटत होते.

संध्याकाळी लाउडस्पीकरवर टीमची नावं सांगितली. रोशनीचं नाव त्यात होतं, गावासकट.

"ऐकलं का?" प्रल्हादभाऊंनी मला विचारलं. "निंबोला म्हणाले ना? परत बोलतील का ते?"

परत बोलले नाहीत. पण सरांनी त्यांना परत सांगितलं, मोठ्याने, लाउडस्पीकरच्या आवाजात. मग सर सायकलपाशी गेले, रुमाल काढला आणि वरची नळी पुसली. ती स्वच्छच होती. रोशनी म्हणाली, "सर, आता ही भिंतीवर नाही जाणार." सर म्हणाले, "नहीं. दीवार में अब कील भी नहीं है."

तेवढ्यात दुसऱ्या जिल्ह्याचे एक कोच आले. त्यांच्याही मुलाची जुनी फ्रेम होती, तीच एकशेदहाची, चाक ताणून बसवलेलं. त्यांनी सरांना विचारलं, "आपका मेकॅनिक कौन है?" सरांनी माझ्याकडे हात केला. कोचने माझ्याकडे पाहिलं, कार्डाकडे पाहिलं, आणि पुढच्याच वाक्यात ते "मॅडम, जरा देखेंगे?" असं म्हणाले. मी बघितलं. नट एका कडेवरच टेकत होता, मला वाटलं होतं तसाच. त्यांना सांगितलं, फ्रेम बुरहानपूरला पाठवा, तोवर यावर मुलाला बसवू नका. त्यांच्या मागे अजून दोघं उभे होते. एकाच्या चाकात आउट होता, एकाची चेन सैल होती. ट्रेनची वेळ होईपर्यंत मी तिथेच बसून कामं केली.

त्या कोचची जुनी फ्रेम नंतर आली, तिच्यासोबत तशीच अजून एक. दोन्ही उघडल्या. रफीकभाईंच्या लेथवर आता त्या दांड्यांचा दुसरा जोडही तयार आहे. रोशनी टीमच्या कॅम्पला आहे आणि फोनवर चाकाचा आवाज ऐकवते, "काकू, हे नॉर्मल आहे का?" बहुतेक वेळा नॉर्मल असतं.

या सगळ्यातून मी एकच गोष्ट शिकले. ट्रॅकच्या सायकलचा एक्सलचा नट पंधरा नंबरच्या पान्याने उघडतो. तिथे सगळ्यांना तोच पाना लागतो आणि निम्म्या लोकांनी तो आणलेला नसतो. म्हणून स्पर्धेला जाताना पंधरा नंबरचे दोन पाने न्यावेत. एक वापरायला. दुसरा ज्याला द्याल त्याच्याकडेच राहतो.